३८४ ठिपक्यांची माणसे

मारिओच्या मिशीमागे एक अडचण आहे. १९८१ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीत शिगेरू मियामोतो हे तरुण चित्रकार 'डाँकी काँग' नावाचा खेळ रचत होते. त्यातला उड्या मारणारा सुतार पडद्यावर जेमतेम १६ ठिपके उंच होता. एवढ्या जागेत तोंड काढले तरी ते दिसणार नव्हते, म्हणून नाकाखाली मिशी आली. उडी मारताना केस हलवून दाखवणे शक्य नव्हते, म्हणून डोक्यावर टोपी आली. हात शरीरापासून वेगळा दिसावा, म्हणून सदरा एका रंगाचा आणि त्यावरचा कामगारी पोशाख दुसऱ्या रंगाचा झाला. हाच सुतार पुढे मारिओ या नावाने जगभर गेला. आपल्याकडेही १९९० च्या दशकात टीव्हीला जोडायच्या स्वस्त यंत्रांतून, 'कॅसेट' बदलत बदलत, तो घरोघरी येऊन बसला. त्याच्यासाठी मे महिन्याच्या सुटीत भावंडांची किती भांडणे झाली असतील, याचा हिशेब त्या काळच्या आयांनाच ठाऊक.

मियामोतो यांचे नाव आज पुष्कळांना माहीत आहे. 'ड्रॅगन क्वेस्ट' या १९८६ च्या खेळातली पात्रे काढणारे अकिरा तोरियामा २०२४ च्या मार्चमध्ये वारले, तेव्हा त्यांची बातमी जगभरच्या वर्तमानपत्रांत आली. मला आज सांगायचे आहे ते या दोघांच्या मानाने फार कमी लोकांना ठाऊक असलेल्या एका बाईंविषयी. त्यांचे नाव काझुको शिबुया. त्यांनी काढलेली माणसे कोट्यवधी लोकांनी पाहिली, त्यांच्यासोबत रात्री जागवल्या, काहींनी त्यांच्यासाठी डोळेही पुसले. पण ही माणसे कोणी काढली, हे पाहणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत होते.

शिबुयाबाई जे करतात, त्याला जपानीत 'डॉट-ए' म्हणतात. 'ए' म्हणजे चित्र. होकुसाईच्या त्या प्रसिद्ध लाटेचे चित्र ज्या परंपरेतले आहे, तिच्या 'उकियो-ए' या नावातही हाच 'ए' आहे. 'डॉट-ए' म्हणजे ठिपक्यांचे चित्र. ठिपक्यांची रांगोळी ज्यांच्या अंगणात रोज उमटत होती, किंवा ज्यांनी शाळेत मॅटीच्या कापडावर घरे मोजून फुल्यांच्या टाक्यांनी पोपट भरले आहेत, त्यांना हे काम समजावून सांगायला फार शब्द लागू नयेत. एक टाका एका घराने सरकला तर पोपटाची चोच वाकडी होते, एवढे त्यांना अनुभवाने माहीत असते.

शिबुयाबाईंचा ओढा मूळचा चलच्चित्रांकडे, म्हणजे ॲनिमेशनकडे होता. त्याचे शिक्षण घेऊन १९८६ च्या सुमारास त्या टोकियोतल्या 'स्क्वेअर' या लहानशा कंपनीत दाखल झाल्या. संगणकावरचे खेळ हा तेव्हा कोवळा धंदा होता. चित्रकलेच्या जगात त्याला प्रतिष्ठा नव्हती आणि व्यापाराच्या जगात भरवसा नव्हता. १८ डिसेंबर १९८७ रोजी या कंपनीने 'फायनल फँटसी' नावाचा खेळ बाजारात आणला. हिरोनोबू साकागुची त्याचे दिग्दर्शक, नोबुओ उएमात्सू संगीतकार आणि नासिर गबेली हे मूळचे इराणचे गृहस्थ प्रोग्रॅमर. पडद्यावरची माणसे ठिपक्याठिपक्याने उभी करण्याचे काम शिबुयाबाईंकडे होते. त्या तेव्हा विशीत होत्या.

ते काम कसे होते, हे थोडे तपशिलाने सांगायला हवे. निन्टेन्डोचे 'फॅमिकॉम' हे यंत्र १९८३ साली निघाले. त्याचा पडदा २५६ ठिपके रुंद आणि २४० ठिपके उंच. हलणारी चित्रे ८ गुणिले ८ ठिपक्यांच्या तुकड्यांतून जोडायची. 'फायनल फँटसी'तला लढणारा वीर अशा सहा तुकड्यांचा बनलेला असे; रुंदी १६ ठिपके, उंची २४. म्हणजे सगळा माणूस ३८४ घरांत बसवायचा. त्याचे शिरस्त्राण, केस, डोळे, हातपाय, तलवार, आणि त्याचा दमलेला किंवा जिंकलेला चेहरा, सारे तेवढ्यात. शिवाय एका तुकड्याला रंग फक्त तीन. चौथी सोय म्हणजे रंगच न भरणे. तिथून मागचे दिसते. कातडीला एक रंग दिला की उरले दोन. त्यात केस करायचे की कपडे, की कपड्यांवरची सावली, हे ठरवायचे. खेळाची अख्खी कॅसेट २५६ किलोबाइटची होती. आज आपण सकाळी उठून एकमेकांना जी सुप्रभाताची फुले पाठवतो, त्यातल्या एका फुलाला पुष्कळदा याहून जास्त जागा लागते. त्या कॅसेटमध्ये राज्ये, समुद्र, गुहा, राक्षस, संवाद, संगीत आणि हे वीर असे सगळे जग मावले होते.

या खेळात एक काळा जादूगार आहे. पिवळी, उंच, टोकाशी वाकलेली टोपी आणि निळा झगा. त्याला चेहराच नाही. टोपीखाली नुसता अंधार आहे आणि त्या अंधारात दोन डोळे चमकतात. चेहऱ्यासाठी जागा नाही, रंगही नाहीत, अशा वेळी चेहरा न काढताच माणूस ओळखू येईल असे हे चित्र आहे. आज चाळीस वर्षे होत आली, यंत्रांची ताकद अफाट वाढली, चेहऱ्यावरचे रंध्र न् रंध्र दाखवणे शक्य झाले, तरी या मालिकेतला काळा जादूगार अजून पुष्कळदा टोपीखालच्या अंधारातूनच पाहतो.  अडचणीतून निघालेली वाट पुढे राजरस्ता होते, ती अशी.

आता प्रश्न असा, की एवढे करूनही नाव कोणाचे झाले? खेळाच्या खोक्यावर चित्र होते योशिताका आमानो यांचे. आमानो हे मोठेच चित्रकार, यात शंका नाही. पंधराव्या वर्षी 'तात्सुनोको' या ॲनिमेशन संस्थेत लागलेले, १९८२ मध्ये तिथून बाहेर पडून स्वतंत्र झालेले. त्यांची रेघ केसासारखी बारीक, रंग पाण्यात विरघळल्यासारखे, माणसे फिकट चेहऱ्यांची आणि वाऱ्यावर उडणाऱ्या वस्त्रांची. त्यांनी कागदावर काढलेले राक्षस पडद्यावर आणताना ती वळणदार रेघ चौकोनी ठिपक्यांत उतरवावी लागे. शंभर रेघांपैकी कोणत्या पाच ठेवल्या की उरलेल्या पंच्याण्णव डोळ्यांना आपोआप दिसतील, हे ठरवणारे कोणीतरी लागे. कादंबरी लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला यात अनुवादकाची आठवण होते. परभाषेतला मोठा लेखक आपण वाचतो तेव्हा प्रत्यक्षात शब्द अनुवादकाचे वाचत असतो. मुखपृष्ठावर मात्र त्याचे नाव लहान टाइपात असते. कित्येकदा तेही नसते.

जपानला हा प्रकार नवा नाही. मघाशी उल्लेख केलेली होकुसाईची लाट १८३१ च्या सुमाराची. ती त्यांनी कागदावर काढली, पण जग जी पाहते ती लाकडाच्या ठशांवरून छापलेली लाट आहे. चित्रकाराची रेघ लाकडात कोरणारा 'होरीशी' वेगळा, आणि रंग लावून छापणारा 'सुरीशी' वेगळा. फेसाची ती बोटांसारखी टोके कोणाच्या तरी हाताने, धारदार सुरीने, लाकडातून सुटी केली आहेत. तो हात चुकला असता तर आज कपांवर आणि छत्र्यांवर दिसणारी लाट तशी नसती. होकुसाईचे नाव राहिले. कोरणाऱ्यांची नावे फार क्वचित राहिली. संगणकाच्या खेळांच्या पहिल्या काळात तर बहुतेक सगळ्याच कारागिरांची ही गत होती. आपली माणसे दुसऱ्या कंपनीने पळवू नयेत म्हणून कित्येक जपानी कंपन्या त्यांची खरी नावे खेळाच्या शेवटी देत नसत. काही ठिकाणी टोपणनावे चालत.

१९९० च्या नोव्हेंबरात 'सुपर फॅमिकॉम' हे नवे यंत्र आले. तीनाऐवजी १५ रंग हाती आले आणि ते ३२,७६८ छटांमधून निवडता येऊ लागले. पण माणसाची उंची फारशी वाढली नाही. या यंत्रावरचा पहिला 'फायनल फँटसी', म्हणजे मालिकेतला चौथा, १९९१ च्या जुलैत आला. त्यात पालोम आणि पोरोम ही जुळी भावंडे आहेत, दोघेही लहानगे जादूगार. एका प्रसंगी दोन्ही बाजूंच्या भिंती सरकत येतात, आत अडकलेल्यांचा चुराडा होणार असतो, आणि ही दोन मुले स्वतःला दगड करून त्या भिंती रोखून धरतात. पडद्यावर जे घडते ते अगदी साधे आहे. दोन चिमुकली चित्रे जागच्या जागी राखाडी होतात, एवढेच. अश्रू नाहीत, जवळून दाखवलेले चेहरे नाहीत. तरी ज्यांनी तो खेळ लहानपणी खेळला ते आज पन्नाशीकडे झुकले असतानाही तो प्रसंग विसरलेले नाहीत. आधीच्या कितीतरी तासांत त्या मुलांचे चालणे, उड्या मारणे, एकमेकांवर चिडणे त्या इवल्या आकृत्यांतून इतके जिवंत झालेले असते, की त्यांचे थांबणे अंगावर येते.

पाचव्या भागात, १९९२ साली, कामाचा व्याप आणखी वाढला. त्यातल्या पात्रांना २२ वेगवेगळे पेशे घेता येतात आणि प्रत्येक पेशाचा पोशाख निराळा. मुख्य पात्रे पाच. म्हणजे शंभराहून अधिक वेषांतरे, आणि प्रत्येक वेषात 'ही लेन्ना' आणि 'ही फारिस' हे खेळणाऱ्याला क्षणात ओळखू आले पाहिजे. या पोशाखांत शिबुयाबाईंचा मोठा वाटा होता. बहुरूप्याचे कौशल्य वेष बदलण्यात असते, तसे वेषाआडून स्वतः ओळखू येण्यातही असते. १९९४ च्या सहाव्या भागात त्या चित्रविभागाच्या दिग्दर्शकांपैकी एक होत्या. तिथे १४ प्रमुख पात्रे आहेत. ती मान खाली घालतात, दचकतात, बोट नाचवून दटावतात, डोळा मिचकावतात, गुडघ्यावर बसतात. त्यात सेलेस नावाची सेनानी एका संगीत नाटकात नायिकेची जागा घेऊन रंगमंचावर उभी राहते. आवाज खऱ्या गायिकेचा नाही, ओठ हलत नाहीत, उंची तीच २४ ठिपक्यांची. पण हात किती वर उचलावा आणि मान केव्हा वळवावी, याचा विचार तिथे एखाद्या नटाने करावा तितका केलेला आहे. नाट्यसंगीतावर वाढलेल्या आपल्या वाचकांना कधी नातवाने तो प्रसंग दाखवला, तर पाच मिनिटे चष्मा लावून अवश्य पाहावा.

आणि मग सगळे बदलले. ३१ जानेवारी १९९७ रोजी सातवा भाग सोनीच्या 'प्लेस्टेशन'वर आला. तीन सीडींचा. माणसे आता ठिपक्यांची राहिली नव्हती; त्रिमितीतली, चहूबाजूंनी फिरवून पाहता येणारी झाली होती. पात्रांची मुख्य आखणी तेत्सुया नोमुरा या तरुण चित्रकाराकडे गेली. जगाने टाळ्या वाजवल्या आणि त्या योग्यच होत्या. पण दहा वर्षे ज्यांनी बोटांत एक विद्या मुरवली होती, त्यांच्या विद्येचा भाव एका रात्रीत उतरला.

या ठिकाणी मला माझी जुनी नोकरी आठवते. बँकेत मी लागलो तेव्हा लेजरे हाताने लिहिली जात. आमच्या शाखेत एक वयस्कर कारकून होते. त्यांचा आकडा असा, की रकाना वरून खाली पाहिला तर ओळंबा लावल्यासारखा सरळ दिसे. पुढे शाखेत संगणक आले. त्यांच्या अक्षराची गरज संपली. नव्या पासबुकांवर खातेदारांची नावे लिहिण्याचे काम त्यांच्याकडे उरले, आणि मग पासबुक छापणारे यंत्रही आले. पण एक गोष्ट मी पाहिली. ताळा जुळत नसे आणि छापील कागदांचा गठ्ठा टेबलावर पडलेला असे, तेव्हा सगळे त्यांनाच हाक मारत. ते रकान्यावरून बोट फिरवत आणि एखाद्या आकड्यावर थांबत. फरक बहुधा तिथेच असे. वर्षानुवर्षे एकेक आकडा स्वतः लिहिल्यामुळे आकड्यांची जी ओळख झाली होती, ती लेजराबरोबर रद्दीत गेली नव्हती. आम्हा बाकीच्यांना ती ओळख नव्हती आणि पुढे ती होण्याची सोयही राहिली नाही.

शिबुयाबाईंच्या बाबतीत काळाने थोडी बरी वागणूक दिली. त्या त्याच कंपनीत राहिल्या. २००३ साली तिचे 'स्क्वेअर एनिक्स' झाले. दरम्यान मोबाइल फोन आले, त्यांचे पडदे लहान, आणि लहान पडद्याला पुन्हा ठिपक्यांची माणसे हवीशी वाटू लागली. २०१० मध्ये जपानात मोबाइलसाठी निघालेल्या, पुढे 'फायनल फँटसी डायमेन्शन्स' या नावाने इतरत्र गेलेल्या खेळाच्या त्या कलादिग्दर्शक होत्या. २०१८ साली या मालिकेतल्या ठिपक्यांच्या चित्रांचे स्वतंत्र पुस्तक निघाले. एकेक घर मोजता येईल अशा मोठ्या आकारात ती चित्रे छापली गेली, तेव्हा कुठे लोकांना कळले की इथे काहीही आपोआप झालेले नव्हते. आणि २०२१ च्या जुलैपासून २०२२ च्या फेब्रुवारीपर्यंत पहिले सहाही भाग नव्या पडद्यांसाठी पुन्हा सिद्ध होऊन आले, तेव्हा पात्रांची चित्रे नव्याने करण्याची जबाबदारी पुन्हा त्यांच्याकडेच आली. विशीत काढलेले वीर त्यांनी पन्नाशी उलटल्यावर पुन्हा काढले. जुन्या काचेच्या टीव्हीवर ठिपक्यांच्या कडा थोड्या पसरत आणि एकमेकांत मिसळत. चित्रकार तो पसारा गृहीत धरून काम करी. आजच्या सपाट पडद्यावर प्रत्येक ठिपका कोरडा आणि स्पष्ट दिसतो. म्हणजे जुने चित्र जसेच्या तसे ठेवले तर ते जुन्यासारखे दिसत नाही. आठवणीतले चित्र टिकवायचे तर हातातले बदलावे लागते. हे ज्याने मूळ काढले त्यालाच नीट उमगणार.

काही वाचक म्हणतील, या पोरखेळाचे एवढे कौतुक कशाला? मुलांचे डोळे जातात, अभ्यास मागे पडतो, आणि कंपन्या जुन्या आठवणी पुन्हा पुन्हा विकून पैसे करतात. यातले काहीही खोटे नाही. तोच खेळ चौथ्यांदा विकत घेणारे प्रौढ लोक मी पाहिले आहेत. तासन् तास पडद्याला चिकटलेल्या मुलाला उठवून मैदानावर पाठवणाऱ्या आईच्या बाजूला मी आहे. पण खेळ किती वेळ खेळावा हा एक प्रश्न आणि तो कोणी व कसा घडवला हा दुसरा. पहिल्याच्या रागात दुसरा विचारायचा राहून जातो. त्यामुळे होते काय, की घरातले मूल दिवसाला शेकडो चित्रे पाहते आणि त्यातले एकही चित्र कोणा माणसाने काढले आहे, ही जाणीव त्याला नसते. ते पडद्यातून उगवते, असेच त्याला वाटते.

आजच्या घडीला ही जाणीव नसणे महागात पडणार आहे. चार शब्द टाइप केले की यंत्र चित्र काढून देते, असे दिवस आले आहेत. 'ठिपक्यांच्या शैलीत एक जादूगार' एवढे सांगितले तरी यंत्र तसे काहीतरी पुढ्यात टाकते. ते यंत्र असंख्य माणसांची चित्रे पाहून शिकलेले असते आणि त्या माणसांची नावे चित्राखाली येत नाहीत. होरीशीचे नाव निदान त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना माहीत असे. इथे तेही नाही. माझा विरोध यंत्राला नाही. संगणकावर मी स्वतः व्याज काढले आहे आणि आकडेमोडीचा तो वाचलेला वेळ कादंबरीला दिला आहे. पण ३८४ घरांपैकी प्रत्येक घर भरावे की रिकामे ठेवावे याचा निर्णय करत कोणीतरी वर्षे घालवते, तेव्हा एक नजर तयार होते. ती नजर तयार होण्याच्या जागाच आपण बंद केल्या, तर पुढच्या वेळी ताळा चुकल्यावर हाक मारायला माणूस राहणार नाही.

आपल्याकडे शाळेतल्या मुली आणि मुले एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या चित्रकलेच्या परीक्षा देतात, चांगल्या श्रेणी मिळवतात, आणि दहावीचे वर्ष आले की रंगपेटी माळ्यावर जाते. चित्रे काढून पोट भरत नाही, हे वाक्य आपण त्यांना प्रेमानेच सुनावतो. प्रत्येकाचे भरेल असे मीही म्हणणार नाही. पण टोकियोत एका मुलीने १९८६ च्या सुमारास ज्या धंद्यात पाऊल टाकले, तो धंदाच तोवर नीट उभा राहिलेला नव्हता. त्याविषयी सल्ला देऊ शकेल असा वडीलधारा माणूस कोणत्याही घरात नव्हता. आपल्या घरातल्या मुलीसमोर उद्या जो धंदा असेल, त्याविषयी आपलीही अवस्था तीच आहे. तेव्हा रंगपेटी माळ्यावर टाकण्याची घाई न केलेली बरी.

आणि आज रविवार आहे. दुपारी जेवणे झाल्यावर मुले मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसतील, तेव्हा ओरडण्याआधी शेजारी जाऊन बसा. जो खेळ चालला असेल तो पुरा होऊ द्या आणि शेवटी नावांची जी लांबलचक यादी सरकत जाते, ती मुलाला वगळू देऊ नका. त्यातली दोन-तीन नावे मोठ्याने वाचायला सांगा. जपानी असतील, कोरियन असतील, पुण्या-मुंबईची एखादी ओळखीची आडनावेही निघतील. उच्चार चुकले तरी चालतील.